सूर्याचे बारा

जळगावच्या ट्रॅव्हल्सवाल्याने गुळगुळीत कागद पुढे सरकवला:
दहा दिवस, सात देश, नाश्ता धरून.
जैबून म्हणाली, भाऊ, आमच्या बोअरचं पाणी जड,
एवढ्या घाईत त्यात डाळसुद्धा शिजत नाही.
उठलो. चहा तसाच राहिला.

तेव्हापासून दर शनिवारी तिच्या ओसरीवर
शंभरपानी वही, केळीचे वेफर्स, पेन्सिल.
मी एरंडोलला बत्तीस वर्षं भूगोल शिकवला,
ती उर्दू शाळेत चित्रकला.
दोघींनी मिळून किती युरोप फळ्यावर काढले असतील
आणि घंटा झाली म्हणून पुसले.

एकच शहर, एक महिना. बोलोन्या.
का, ते इथल्या माणसाला सांगावं लागू नये.
रस्त्याच्या कडेने कमानी, कमानींवर घरं,
आणि खाली चालायला सावली,
सगळी मिळून चाळीसेक किलोमीटर.
मी हिशेब केला:
वैशाखात एरंडोलहून जळगावला
डोक्यावर पदर न घेता पोचावं
आणि तरी दहा किलोमीटर सावली उरावी.

दोन मनोरे आहेत, कललेले.
आपल्या फरकांड्याचे झुलते, तिकडचे कललेले,
सरळ उभं राहणं कुणालाच जमलं नाही म्हण, जैबून हसली.
मोठ्याला पाचशेला दोन कमी पायऱ्या,
पण सध्या वर सोडत नाहीत म्हणे.
बरं झालं. चार गुडघ्यांचा प्रश्न मिटला.

पान सात: कळण्याचं पीठ, दोन किलो.
पान आठ: तिथलं वांगं भाजून पाहणे,
बामणोदच्या वांग्याशी तुलना करू नये.
(खाली जैबूनच्या अक्षरात: करणारच.)

तिचा भाचा फारूक अर्ज भरायला बसला.
रोजचा कार्यक्रम लिहावा लागतो, खाला. दिवस अकरावा?
बसणे.
बारावा?
तिथेच. दुसऱ्या बाजूला तोंड करून.

मग वाटलं, सवय करून पाहावी.
फरकांड्याला गेलो, सतरंजी घेऊन,
एका जागी दिवसभर बघायचं ठरवून.
पाऊण तास विटा पाहिल्या.
मग मुंग्या. मग मोबाईल.
अकराला जैबून घोरायला लागली.
एक मेंढपाळ बराच वेळ उभा होता,
‘मोजनीवाल्या शेतस का, माय?’
नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.
परतताना वहीत लिहिलं:
सावकाशपणा अवघड आहे. उशी न्यावी.

पण मला खरी ओढ आहे ती त्या मोठ्या चर्चमधल्या भोकाची.
उंच छतात एक भोक,
दुपारी त्यातून उन्हाचा ठिपका उतरतो
आणि जमिनीवरची लांब पितळी रेघ ओलांडतो, रोज,
हिवाळ्यात लांबून, उन्हाळ्यात जवळून.
त्याच उन्हाला आपण दार लावून घेतो,
आणि त्यांनी त्याला आत यायला जागा ठेवली.

माझ्या स्वयंपाकघरापुढच्या पत्र्यावर माकडाने उडी मारली,
खिळा निघाला. मुलगा एम-सील घेऊन आला,
मी शिडी काढून घेतली.
आमच्याकडे सूर्याचे बारा साडेबाराच्या सुमाराला वाजतात.
मुंबईचं नाही, अलाहाबादजवळचं घड्याळ आपण वापरतो,
हे पोरांना शिकवून शिकवून घसा बसला होता,
पाहिलं मात्र आत्ता.
रोज खडूची एक खूण, शहाबादी फरशीवर.
रेघ जरा वाकडी जाते आहे.
चूक माझी नाही. सूर्य घड्याळ पाळत नाही.
मोलकरीण निर्मला तेवढी जागा सोडून पुसते
आणि शेजारणीला सांगते, बाईंना काहीतरी झालंय.

तिकीट अजून काढलेलं नाही.
आज आभाळ होतं, ठिपका पडला नाही.
जैबून चपला काढून खुणांना वळसा घालून आली,
फरशीवर बसली, आणि जिथे पडला असता
तिथे तळवा उघडा धरला.
काय करतेस?
जागा धरून ठेवतेय, म्हणाली.
तू वेफर्स आण.