बाकी

एकतीस वर्षे बेळगाव–कणकुंबी गाडीवर
पाय न झिजवता हिंडलो हा मुलूख.
जांबोटीच्या पुढे खिडकीतून धुके चढायचे, बिनतिकिटाचे;
मी मागच्या दांडीला टेकून
चिल्लर लावत बसायचो.

निवृत्तीनंतरच्या पाचव्या डिसेंबरात
राजहंसगडाच्या पायथ्याशी नाड्या बांधल्या.
जुनी चामडी पिशवी गळ्यात, पंच खिशात.
किलोमीटर विकायला काढले होते:
शंभराला एक. चालणार मी, पुण्य तुमचे.
खडेबाजारातल्या सराफाने एकदम वीस घेतले
आणि विचारले, "उताराला सवलत?"
भाजीवाली बसलिंगव्वा म्हणाली, "एष्टु दूर, मास्तर?"
एकशे बारा, मी म्हटले.
तिने चढाचाच एक मागून घेतला,
"सपाटीचा नको मला. त्यात काय कष्ट?"

रानातल्या सातगळीसाठी जुनी जीप घ्यायची होती,
मागे एक खाट, ऑक्सिजनची एक टाकी.
भाचा म्हणाला, मामा, नुसते पैसे मागा की,
चालायचे कशाला?
त्याला सांगितले, डॉक्टरने सांगितलेय, साखर.

तिसऱ्या दिवशी अंगठ्याचे नख काळे पडले.
कारवीच्या रानात एक गवा
माझ्याकडे तपासनिसासारखा बघत राहिला,
आणि काही न लिहिता निघून गेला.
चौथ्या दिवशी डोंगर उतरून सडकेला लागलो
तर मागून माझीच गाडी आली. नव्या पोराने दारातून वाकून
हाक दिली, "मुंद होग्री, मास्तर, मुंद होग्री!"
हजारो लोकांना हेच म्हणत आलो होतो.
पुढे म्हणजे कुठे, ते पायाला तेव्हा कळले.

तो थांबा पाचव्या दिवशी आला.
जांभळीचे झाड, खाली तोच दगड.
चौऱ्याण्णव साल, शेवटची गाडी, उशीर झालेला.
रानातून दोघेजण पळत येत होते,
खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडी,
घोंगडीत कुणीतरी.
मागच्या काचेतून मी बघितले.
बघितले, आणि दोनदा घंटी ओढली.

ड्रायव्हरला काही दिसले नव्हते.
त्या दिवसाचा हिशेब डेपोत पैशापैशाला जुळला.

दगडावर बसून पाणी प्यालो.
पंच काढला, परत ठेवला.

सातगळीत सहाव्या दिवशी तिन्हीसांजेला पोचलो.
सोळा उंबरे. रवळू गावड्याने ऊन पाणी दिले पायावर,
त्याच्या सुनेने नाचण्याची भाकरी, वर लोण्याचा गोळा.
पोरांना पंच हवा होता, वाळल्या पानांना
भोके पाडत बसली अंगणभर.
आड्याला, कौलांखाली, एक बांबू टांगलेला.
मधे खडबडीत, दोन्ही टोकांना गुळगुळीत,
खांद्यांनी घासून घासून.
"किती वर्षांचा?" मी विचारले.
"बापाच्या वेळचा," रवळू म्हणाला. "लई माणसं नेली त्यानं."
किती परत आली, ते मी विचारले नाही.
चौऱ्याण्णव हा आकडा
भाकरीच्या घासाबरोबर गिळला.

रात्री कंदिलाशी पिशवी उपडी केली.
दोन लाख चौऱ्याण्णव हजार. जीपवाल्याला तीन लाख दहा पाहिजेत.
एकशे बारावा किलोमीटर माझ्याच नावावर फाडला
आणि सवयीने तिकिटाच्या मागे बाकी लिहिली:
सोळा हजार.
सुट्टे नसले की आयुष्यभर असेच लिहीत आलो,
उतरताना लोक मागायला विसरायचे,
मीही आठवण करून द्यायचो नाही.
त्याखाली अजून काही लिहायचे होते.
पेन्सिल टेकवली,
आकडा बसेना.

सकाळची गाडी सडकेवर साडेसहाला.
रवळू सोडायला आला, हातात शेंगांची पुरचुंडी.
नव्या पोराने तिकीट घेऊ दिले नाही, मी घेतलेच.
मागच्या काचेपाशी जागा होती, तिथे बसलो.
त्याचा हात दोरीकडे गेला.
"थांब रे, दोन मिनिटं," मी म्हटले.
"कोण यायचंय, मास्तर?"
मी काचेवरचे दव बाहीने पुसले.
जांभळीखाली रवळू उभा होता, हात वर करून.
त्याच्या मागे वाट. रिकामी.
पोरगा घड्याळ बघत थांबला.