समोरची कड

तवसाळच्या जेटीवर तिकिटं फाडतो मी, अकरा वर्षं.
माणसाचे वेगळे, दुचाकीचे वेगळे,
मासळीच्या पाटीचे घ्यायचे नसतात,
तरी विचारतात सगळ्या.
संध्याकाळी गल्ला उलटा केला
की टेबलावर आधी वास सांडतो,
मग नाणी.

खाडीकाठची नाणी गोरी राहत नाहीत.
पोलादी रुपयाला गंजाचे तीळ येतात,
जुना जाड रुपया हिरवट काळा पडतो
शेवाळलेल्या पायरीसारखा.
दहाच्या नाण्याची पिवळी कड आधी विझते,
मधला पांढरा डोळा उशिरापर्यंत जागा.

बघायला शिकवलं इब्राहिम मुकादमांनी.
जयगडला घड्याळं दुरुस्त करायचे,
भिंग डोळ्यात धरून बोलायचे, म्हणून
एकच भुवई कायम रागावलेली.
"रंगाकडे बघू नको," म्हणायचे, "रंग कोणीही देतो.
मीठ देतं, घाम देतो, खिशातली तंबाखू देते.
नख फिरव.
ओरखडा असेल तर नख खाली जाईल.
साच्यालाच भेग असेल
तर नाण्यावर रेघ वर उठेल,
शिवणीसारखी."

आणि कड तुटलेलं नाणं आलं
की तुटलेली बाजू ते बघतच नसत.
फिरवून बरोब्बर समोरची बघत.
टाकसाळीतच तुकडा कमी पडला असेल
तर ठोका बसताना
समोरची कडही नीट उभी राहत नाही, खचते.
नंतर कुणी कानशीने कापलं असेल
तर समोरच्या कडेला त्याचा पत्ताच नसतो.

मुकादम गेले.
भिंग माझ्याकडे आलं. भुवई नाही.

मागच्या मे महिन्यात प्रज्योत मयेकर आला, धापा टाकत.
रुमालात पाचाचं नाणं, तांबूस गुलाबी.
मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं, असल्याला पन्नास हजार.
मनातल्या मनात त्याने होडीला इंजिनसुद्धा बसवलं होतं.
मी भिंग लावलं.
सालाखाली मुंबईचा शंकरपाळीसारखा ठिपका,
अक्षरं टवटवीत, कड शाबूत.
मग वास घेतला.
"आई सुट्टे कुठे ठेवते रे? आगळाच्या बरणीशेजारी?"
तो गप्प.
"आमसुलाने ह्यातलं जस्त खाल्लंय. तांबं उघडं पडलंय."
"म्हणजे किती?"
"पाच."
त्याने ते तिथेच तिकिटात दिलं.
परतीच्या फेरीला
माझ्याकडे न बघता उतरला.

गेल्या बुधवारी यशोदी डोर्लेकर,
डोक्यावर पाटी, एका हाताने सुट्टे मोजत
माझ्या तळहातावर. ओले.
त्यात दोनाचं एक,
चतुर्थीच्या कोरीइतकं कडेला नसलेलं.
माझा अंगठा आपोआप समोर गेला.
कड होती, पण बसलेली,
दात पडून गेलेल्या हिरडीसारखी.
अकरा वर्षांत पहिलं.

"मावशी, ह्या नाण्यात—"
पुढचं तिने ऐकलंच नाही.
चेहरा उतरला.
"चालत न्हाय काय वो? माला बाजारात दिलान कुनीतरी,
मी काय मुद्दाम न्हाय."
आणि माझ्या हातावरून ते उचलून
कनवटीला खोचलं, दुसरं ठेवलं.
"अहो, तसं नाही—"
भोंगा झाला. मागे दोन डंपर,
वऱ्हाडाची जीप, तिच्यात कुणीतरी ओरडतंय.
फळी उचलली.
ती पलीकडच्या कठड्याला, पाठमोरी,
पदराला हात पुसत होती.
पुसून झाले, तरी पुसत होती.

माझ्या तळहातावर दोन रुपये.
काळे पडलेले,
पेडव्याचं एक खवलं चिकटलेलं.
गोल. पूर्ण गोल.
तरी मी नख फिरवलं.
समोरची कडही बघितली.