मत्रहच्या वळणावर

तीन तास उभे होतो, अकरा सेकंदांसाठी.
कठड्याला पोट टेकून मी आणि गजा रेपाळ,
गजाच्या पिशवीत चार संत्री,
नसीरचा धाकटा माझ्या खांद्यावर, चपलांसकट.
फेब्रुवारीचं ऊन. समुद्राचा वारा उजव्या कानात.
पलीकडे मासळीबाजार. पहाटेचा बर्फ वितळून
पाण्याची एक बारीक रेघ रस्ता ओलांडत आलेली.
ती मी पाहिली होती.
हे नंतर कुणाला सांगितलं नाही.

शेजारी बेल्जियमच्या एक बाई, पासष्टीच्या,
उन्हानं नाक सोललेलं, हातात पितळी घंटा.
घंटा वाजली तशी गजाची मान वळली,
घरचा फोन आल्यावर वळते तशी.
"हे त बैलाची आहे बे, बाईपाशी कशी काय?"
बाईंनी ती सरळ त्याच्या हातात दिली.
दोघांची एकही भाषा जुळत नव्हती.
गजानं बदल्यात संत्रं दिलं. व्यवहार संपला.

मग हेलिकॉप्टर. मग पोलिसांच्या मोटारसायकली.
मग तो आवाज,
कापडाच्या दुकानात ताग्यामागून तागे फाडावेत तसा,
आणि रंग, खांद्याला खांदा घासत.
पहिले चाळीस त्या रेघेवरून गेले, काही झालं नाही.
एकेचाळिसावा
(आकड्यावरून पुढे वाद झाला, हा माझा आकडा)
तिरपा झाला. आधी चाक, मग कंबर,
मग त्याच्यामागचे सगळे,
मांडणीवरून मांजर गेल्यावर भांडी येतात तसे.
मागच्या गर्दीनं कठडा आमच्या पोटात घातला.
कुणी "या अल्ला", कुणी "अय्यो",
गजा नुसता "अबे अबे अबे",
पोरानं दोन्ही मुठींनी माझे केस धरलेले.
बाई बोलल्या नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं.

मी रुवीच्या दवाखान्यात प्लास्टर लावतो. सोळा वर्षं झाली.
हिरव्या जर्सीतला तो उठला तेव्हाच कळलं मला,
डावा खांदा दोन बोटं खाली. हंसळी गेली.
बसवा त्याला, हात पोटाशी धरा, हलू देऊ नका,
हे मी झोपेतही सांगेन.
त्यानं मोडकी सायकल उजव्या खांद्यावर टाकली
आणि पळत सुटला.
बुटांच्या तळाला लोखंड, टक टक टक,
फरशीवर शिंगरू सुटावं तसं.
शेवटची कमान अजून तीनशे मीटर.
अख्खा धक्का ओरडतोय, यल्ला, यल्ला!
माझ्या तोंडून "थांब" निघायला हवं होतं.
निघालं ते, "पळ! अरे पळ की!"
घसा दोन दिवस बसला होता.

रात्री खोलीत भांडण.
पिवळ्यानं कोपर मारलं, कुंजुमोन म्हणतो,
त्याच्या फोनवर तीच माणसं दहादा पडतात, दहादा उठतात.
नसीर म्हणतो, वारा. गजा म्हणतो,
पटावर जोडी उधळली की दोष धुरकऱ्याचा,
बैलाला काय विचारता?
मी चहा गाळत होतो.
पाण्याचा विषय निघालाच नाही.

पण ते रात्रीचं. त्याआधी,
सगळे पांगल्यावर, नगरपालिकेचा टँकर आला
काचा, रक्त, संत्र्याच्या साली धुवायला.
गजा अजून कठड्यालाच. घंटा अजून त्याच्याकडे,
बाई मागतही नव्हत्या.
टँकर वळणावर आला आणि यानं ती वाजवली,
हात दुखेपर्यंत, एकट्यानं.
ड्रायव्हर सिल्हेटकडचा असावा. आधी दचकला,
इकडेतिकडे पाहिलं, आपल्यासाठीच आहे हे कळलं,
मग स्टिअरिंग सोडून
दोन्ही हात वर केले त्यानं, छाती पुढे काढून,
आणि मागे रस्ता
या कडेपासून त्या कडेपर्यंत ओला.