मागचं दाखव

दापोलीत, रेडीजांच्या दुकानात
काचेवर तीन यंत्रं मांडली होती,
लिलावात पापलेट मांडतात तशी,
मोठं पुढे.
मी म्हटलं, मागचं दाखव.

पुढच्याला कॅमेरा होता, गाणी होती,
वाटेत गर्दी असेल तर आधीच सांगायचं म्हणे.
आमच्या रस्त्यावर गर्दी म्हणजे
उतारावर बसलेल्या म्हशी.
त्या कधी उठणार
हे वर फिरणाऱ्या उपग्रहाला काय कळणार?

रेडीजांचा सुजय म्हणाला,
तांडेल, फोनवर फुकट मिळतं की.
माझा फोन बटणांचा.
मेहुण्याचा आहे तसला, मोठा,
तो पहिल्याच घाटीत मुका होतो.

सहा महिने झाले, मी जमिनीवर आहे.
होडी विकली, जुनी आल्टो घेतली,
मागच्या सीटवर सोडे, जवळा, बोंबलाच्या माळा,
आणि आतल्या गावांतून फिरतो.
समुद्रात मी कधी चुकलो नाही.
मार्गताम्हान्याच्या पुढे मात्र, गेल्या बुधवारी
एकाच पिंपळाखालून तीनदा गेलो.
तिसऱ्यांदा पारावरच्या म्हाताऱ्यानं हात केला,
जुनी ओळख असल्यासारखा.
पावशेर जवळा घेतला त्यानं.
दिवसाचा धंदा तेवढाच.

तर अटी थोड्या:
उन्हात दिसलं पाहिजे,
रेंज नसताना चाललं पाहिजे,
बोललं तर मराठीत,
आणि चार हजारांच्या वर
मला घरी उत्तर देता येणार नाही.

होडीवरही एक होतं.
त्यात रस्ते नव्हते, गावं नव्हती,
नुसते आकडे, आणि मी मारलेल्या खुणा.
इथं खडप, जाळं फाटतं.
इथं बारा वाव, नारळी पुनवेनंतर कोळंबी.
इथं काही नाही, पण एकदा
इंजिन बंद पडलं आणि उजाडेपर्यंत
आम्ही चौघं कंदिलाखाली पत्ते खेळलो.
बावीस वर्षांच्या खुणा.
होडीबरोबर गेल्या.
पुसायच्या राहिल्या, असं मी सगळ्यांना सांगतो.
राहिल्या नव्हत्या.
घेणारा पोरगा नवखा होता,
खडपावर गेला असता.

शेवटी सुजयला विचारलं,
हे चुकलं तर काय करतं?
त्यानं बटण दाबलं.
आतली बाई म्हणाली,
मार्ग पुन्हा शोधत आहे.
ना आवाज चढला, ना कुणावर ढकललं.
असा एक खलाशी मला मिळाला नाही.
घेतलं. साडेतीन हजार,
काचेला चिकटवायची रबरी वाटी
घासाघीस करून फुकट.

दाभोळला गाडी फेरीबोटीत चढवली.
समोर धोपावे,
जोरात हाक मारली तर पोचेल इतकं.
पडद्यावर आल्टो निळ्यात शिरली
आणि बाई गडबडली.
चिपळूणवरून जा, म्हणाली.
मग म्हणाली, शक्य असेल तिथे मागे वळा.
खाडीच्या मधोमध.
शेजारच्या जीपमधली माणसं हसली,
मीही हसलो,
पण बंद नाही केली तिला.
तिला पाणी ठाऊक नाही, मला डांबर.
ओहोटीची ओढ होती,
बोटवाल्यानं नाक जरा वर धरलं होतं, बरोबर धरलं होतं,
ते मी बघत राहिलो.

खुणा साठवायला हिच्यात शंभर जागा,
सगळ्या कोऱ्या.
दुपारी पिंपळाखाली गाडी लावली.
म्हातारा नव्हता. पारावर त्याची काठी होती.
पहिली खूण मारली.
पडद्यानं नाव विचारलं.
चष्मा चढवून, एकेक अक्षर हुडकत
मी लिहिलं:
पावशेर जवळा.