चार तोंडांची पेटी

कुताइसीत वाद्यांचं दुकान एकच, तेही
चष्म्यांच्या दुकानाच्या पोटात.
मालखाझ काउंटरवर खोकी मांडतो:
एका तोंडाची, दोन तोंडांची, चार तोंडांची.
"तीनची नाही?"
"तीनची कोणी करत नाही, नेस्तान.
लोक एकटे गातात, नाहीतर जोडीनं."

आमच्या गाण्याला तिघं लागतात.
एक गोष्ट सांगतो, एक वर चढतो,
एक खाली जमिनीसारखा पसरून राहतो.
बाबा, जुंबेरकाका,
आणि जमीन म्हणजे बोंदो, माझा भाऊ.
तो दोन वर्षं झाली पोलंडात,
गोदामात रात्रपाळीला.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
इथे स्टिकरवर तीन मोलं होती, लारीत.
मी रात्रभर तक्ते वाचले होते:
प्रीअँपची सरसर किती, लॅटन्सी किती मिलीसेकंद,
अठ्ठेचाळीस व्होल्ट प्रत्येक माइकला वेगळे की सरसकट,
ड्रायव्हर माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला सोसेल का.
मी कवळ्या बनवते. मिलिमीटरचा दहावा भाग
माझ्या बोटाला कळतो.
पण आवाज स्वच्छ म्हणजे कसा,
ते कुठल्याच रकान्यात नव्हतं.

बाबा म्हणाले, दोन पुरे, माणसं दोनच उरलीत.
काका म्हणाले, एकच पुरे, आम्ही काय वेगवेगळे गातो?
मी चारची घेतली. हप्त्यावर.
का, ते विचारू नका.

आधी बोंदोनं तिकडून आपला भाग पाठवला,
कानात पियानोचा सूर धरून गायलेला,
सरळ, इस्त्री केलेला.
आमचा सूर असा पट्टीवर बसत नाही,
शेजारच्याच्या श्वासाला टेकून उभा राहतो.
काकांनी टोपी उतरवावी तसे हेडफोन उतरवले.
"पोरगा बरा आहे ना? तब्येत?"
एवढंच.

मग फोनवरून एकत्र गाऊन पाहिलं.
अर्धा सेकंद.
अर्धा सेकंद किती लांब असतो!
तो आमच्यामागून येत राहिला,
जिन्यात मागे पडलेल्या पोरासारखा,
थांबा, थांबा करत.
तिसऱ्या कडव्यात काका खरंच थांबले
आणि मग सगळंच थांबलं.

नोव्हेंबर. खोलीत वर्तमानपत्रावर
पिकत घातलेली खुरमाची फळं. भिंतीला गालिचा ठोकलेला.
फ्रिजची पिन मी काढून ठेवली.
दोघांपुढे दोन माइक लावले,
तर बाबांनी न विचारता तिसरा उचलला,
खिडकीपाशी नेला, स्टँड वर ओढला,
अजून थोडा वर,
बोंदोच्या हनुवटीपर्यंत.
मी काही बोलले नाही. तिसरी केबल जोडली.
ते गायले. तिसरा दिवाही लुकलुकत होता,
तिथे कोणी नसताना.

रात्री एकेक चॅनल ऐकला.
पहिल्यावर बाबा, फार जवळचे,
आणि प्रत्येक "स" ला एक बारीक टक्:
माझीच कवळी, वरची, किंचित सैल.
दुसऱ्यावर काका आणि काकांचं नाक.
तिसऱ्यावर दोघं.
सारख्या अंतरावर, कोणी मोठं नाही, कोणी छोटं नाही,
मध्ये खोली, लाकडी फरशी, एकदा करकरलेली खुर्ची.
मी पहिले दोन बंद करून टाकले.
एवढे तक्ते वाचून, एवढे हप्ते लावून,
गाणं शेवटी चुकीच्या माइकात सापडलं.

तेवढंच बोंदोला पाठवलं.
त्याचं उत्तर पहाटे, पाळी सुटल्यावर:
"कुठली पेटी घेतलीस?"
मी मॉडेलचा नंबर कळवला.
मग बराच वेळ "टाइप करत आहे" दिसत राहिलं
आणि काहीच आलं नाही.

चौथं तोंड अजून रिकामं आहे.
वरच्या मजल्यावरची इझोल्दा काल विचारून गेली,
तिच्या मेंडोलिनसाठी.
म्हटलं, ये की.
अर्धा हप्ता तू भर.
आणि दाताचं काही असेल तर
तेही बघते.