दोन रात्री कमी

एकोणतीस डिसेंबरला जेवता जेवता
नवरा म्हणाला, दोन रात्री कमी पडतायत.
कशाला, म्हटलं.
म्हणाला, प्लॅटिनमला.

वर्षात अठ्ठेचाळीस रात्री तो त्यांच्या गाद्यांवर झोपला,
कोइमतूर, राजकोट, एकदा शारजा,
अंबडच्या कारखान्यातले पॅनल बोर्ड विकत.
पन्नास भरल्या नाहीत तर
ते त्याला गोल्डवर आणून बसवणार.
गोल्डमध्ये काय वाईट आहे, मी विचारलं.
त्याने घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं,
जशी काही मी त्याच्या आईला बोलले होते.

मग आम्ही नाशिकमध्येच हॉटेल घेतलं.
पाथर्डी फाट्याजवळ, हायवेला लागून,
इंदिरानगरच्या आमच्या घरापासून रिक्षाने ऐंशी रुपये.
शेजारच्या आहेरवहिनींना सांगितलं, लग्नाला चाललोय.

काउंटरवरचा मुलगा, छातीवर पट्टी प्रज्वल निकम,
म्हणाला, वेलकम बॅक, सर.
सर तिथे पहिल्यांदाच आले होते.
माझं नाव मात्र त्याने स्पेलिंगसकट विचारलं
आणि कागदावर घातलं : पाहुणी, एक.
एकवीस वर्षांत
मला हे कुणी लिहून दिलं नव्हतं.

खोली वरच्या वर्गातली मिळाली, फुकट.
सातवा मजला, दुपारी चारपर्यंत राहायची मुभा,
मॅनेजरच्या सहीचं पत्र,
आणि टोपलीत दोन किवी.
द्राक्षांच्या गावात किवी!
एक सोललं. आंबट ढोण. दुसरं पर्समध्ये टाकलं.
खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर.
तो म्हणाला, ती बघ, आपल्या सोसायटीची टाकी.
मी म्हटलं, गॅलरीतले कपडे काढायचे राहिले.

एकोणपन्नास झाल्या.
एकतीसच्या संध्याकाळी माझी मान धरली
आणि खाली लॉनवर डीजे सुरू झाला.
म्हटलं, रद्द कर आजची रात्र, घरी जाऊ.
त्याने फोनवरची बारीक अक्षरं दोन बोटांनी मोठी केली :
रद्द केल्यास पूर्ण रात्रीचं भाडं जाईल,
रात्र मोजली जाणार नाही.
खाली कारण निवडायचं होतं.
आजारपण. विमान. काम. इतर.
उशी त्यात नव्हती.
तो ‘इतर’वर बोट धरून बराच वेळ बसला.

त्याने काय काय रद्द केलं ते मी काढलं नाही.
वणीला जायचं, सुमेधाचं बक्षीस,
महाबळेश्वर तीनदा.
काढलं नाही म्हणजे तेव्हा.
कुठलाच आकार लागला नव्हता त्याला,
कारणही निवडावं लागलं नव्हतं.

शेवटी असं ठरलं :
कार्ड भिंतीतल्या खाचेत तसंच ठेवायचं,
दिवे चालू, एसी चालू,
दाराला ‘कृपया व्यत्यय नको’.
लॉबीत प्रज्वलने विचारलं, बाहेर चाललात, सर?
नवरा म्हणाला, शतपावली.

घरी माझ्या उशीवर मी मेल्यासारखी झोपले.
बाराचे फटाके ऐकलेच नाहीत.
पहाटे पाणी प्यायला उठले तर हा टक्क जागा.
काय रे?
म्हणाला, तिकडे एसी उगाच चालू आहे.

सहा वाजता एकटाच गेला,
तिथे दाढी केली, दोघांचा नाश्ता खाल्ला,
आणि येताना टिश्यूत गुंडाळून
माझ्यासाठी मेदूवडा आणला,
गार, एका बाजूने दबलेला.

कार्ड जानेवारीत आलं.
फ्रिजवर आहे, चुंबकाखाली,
दुधाच्या हिशेबाला चिकटून.

संक्रांतीला हळदीकुंकवाला निघताना पर्स उघडली,
तळाशी ते किवी.
मऊ पडलं होतं. उभ्या उभ्या खाल्लं, ओट्याशी,
चमच्याने. गोड होतं.
तो बाहेरच होता, फोनवर, या वर्षाची पहिली रात्र बुक करत.
त्याला हवंय का, विचारलं नाही.