घोट

रात्री अडीचला अंबादास येमूल पुन्हा गिळतात.
मी मोजते. गिळणं वाढलं की टॉर्च,
टॉर्चखाली घसा, मागच्या बाजूला
लाल धागा एखादा...
नाही. नुसती लाळ.

डोक्याखाली दोन उशा. मानेवर बर्फाची पिशवी,
टॉवेलात गुंडाळलेली. टॉवेल त्यांच्याच कारखान्याचा,
काठावर मोर; एका मोराचा पाय विणायचा राहिलाय.
चमच्यात बर्फाचा खडा, करंगळीच्या नखाएवढा.
चावू नका काका. विरघळू द्या.

बाहेर मे महिना. अशोक चौकातल्या भिंती
अजून दुपार सोडतायत.
संध्याकाळी काकू कडक भाकरी घेऊन आल्या होत्या,
शेंगाचटणी वेगळ्या पुडीत.
मी डबा परत दिला.
मग हा माणूस जगणार कशावर?
गार दुधावर, काकू. आठ दिवस.
त्यांनी पुडी तेवढी कमरेला खोचली.

पाटी दिली, तर काकांनी ती बाजूला सारली.
ओठ हलवले, तेलुगूत, आवाजाशिवाय,
आणि मला कळलं.

आमच्या घरात चार माग होते.
त्या खडखडाटात आई अशीच बोलायची,
ओठांनी, भुवयांनी, तेलकट बोटांनी:
मीठ संपलंय. धाकटी रडतेय. तार तुटली बघ.
आम्हा पोरांना ओरडणं
शाळेत गेल्यावर कळलं.

काका विचारत होते,
एवढं शांत कसं? माग बंद पडले का?

मीही ओठांनीच सांगितलं,
चालू आहेत.

मग पुढचा खडा.